तोरणाचा मान, कमिटीची खुर्ची

खेर्डीच्या गावंडे पाटलांच्या घरात त्या माघात माणसांना बसायला जागा उरली नव्हती. ओसरीत कापूस, माडीवर कापूस, बाळंतिणीच्या खोलीतही कापूस. तो देवघराच्या दारापर्यंत आला, तेव्हा कुठे पार्वताबाईंनी गड्यांना थांबवलं. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जात नव्हता आणि म्हणून वऱ्हाडातल्या कुणब्याच्या दारात व्यापारी सकाळपासून ताटकळत बसत होते. जगाचा भूगोल गावाला एवढाच कळला होता आणि तेवढ्यावर गाव खूश होतं.

त्यामुळे परगण्याची गोतसभा भरली ती गावाबाहेरच्या वखारीत, कापसाच्या ढिगावर.

ही सभा जुनी. मोगलाईत सात गावांचे पाटील आणि परगण्याचा काझी एकत्र बसून शिवेचे तंटे मिटवत, गुरांची चोरी शोधत, कोणाला जातीत घ्यायचं नि कोणाला वाळीत टाकायचं ते ठरवत. इंग्रजी अंमल येऊन दहा वर्षं झाली होती. कामं सगळी कचेरीत गेली, तरी सभा भरायची थांबली नव्हती. तिथे कोण कुठे बसणार हे आजोबा-पणजोबांच्या काळापासून ठरलेलं. पेंढाऱ्यांच्या धाडीत खेर्डीच्या पाटलांनी सहा गावांची गुरं आपल्या गढीत सांभाळली, म्हणून उजवीकडची पहिली जागा खेर्डीची. दुसरी मंगरूळची.

पण कापसाच्या ढिगावर पहिलं काय नि दुसरं काय. जो बसेल तो खाली जात होता. मंगरूळचे भगवंतराव अंगाने भरलेले, ते तर छातीपर्यंत रुतले आणि मान वर करून, मोठ्या अब्रूने बोलू लागले.

"काझीसाहेब, हुकूम वाचा एकडाव," ते म्हणाले.

काझी बद्रुद्दीन परगण्याचा काझी होताच, शिवाय त्याच्या मालाच्या गाड्या अमरावतीपर्यंत चालत. निकाह लावण्यापेक्षा गाड्या जुंपण्यातच त्याचा दिवस जाई. त्याने हुकूम वाचला आणि मग सगळ्यांना कळेल अशा बोलीत सांगितला.

"साहेबानं अमरावतीले रस्त्याची कमिटी काढली. त्यात साहेब सोता, इंजिनेर, तहसीलदार, दोन सावकार, अन् हर परगण्यातून एक मातबर आदमी. आपला आदमी आपणच निवडायचा. होळीच्या आत नाव गेलं नाई तं साहेब त्याच्या मर्जीनं नेमीन."

"अन् कमिटी करीन काय?" कोणीतरी विचारलं.

"सडक कुठून न्यायची थे ठरवीन. आगगाडी बडनेऱ्याले येऊन राहिली. तिथपावतर आपला माल जायले सडक पायजे. एक लाइन खेर्डीच्या नाल्यावर मोरीचा पूल बांधून जाते, दुसरी मंगरूळवरून. पैसा एकाच सडकेचा हाय."

खेर्डीचा नाला हे प्रकरण सगळ्यांना ठाऊक होतं. आखाडात तो भरला की दिवाळीपर्यंत गाव पलीकडच्या जगाला मुकत असे.

भगवंतराव लगेच म्हणाले, "पहिला मान खेर्डीचा. त्यायनंच जावं. आमचं काई म्हणणं नाई." सभेला नवल वाटलं. मग त्यांनी पुढचं वाक्य काढलं, "फक्त रिवाजानं व्हावं. कागदावर सगळ्यायचा नांगर उठला पायजे. खेर्डीचे तं दोन नांगर हायेत."

पाटील सही करत नसत, कागदावर नांगराचं चित्र काढत. खेर्डीची पाटीलकी दोन पात्यांत अर्धी अर्धी वाटलेली, म्हणून खेर्डीचे नांगर दोन, आणि एक नसला की कागद फुकट. थोरल्या पातीचे वामनराव, धाकट्या पातीचे नत्थुजी. दोघे चुलतभाऊ. नत्थुजींची लेक भगवंतरावांच्या घरी दिलेली. आता सभेला नवल वाटेनासं झालं. खेर्डीने आपसात भांडावं आणि खुर्ची दुसऱ्या जागेवरच्या मंगरूळने अलगद उचलावी, असा तो बेत होता.

सगळे नत्थुजींकडे बघू लागले.

नत्थुजी हा दुष्ट माणूस नव्हता. व्याह्याचा डाव त्याला कळत होता आणि व्याह्यासाठी आपल्या गावची सडक घालवण्याइतका तो खुळाही नव्हता. पण त्याच्या मनात एक सल होता, आणि तो दर पोळ्याला ओला होई.

पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या गुरांच्या मैदानात, आंब्याच्या पानांचं तोरण बांधत. त्याखालून पहिली जोडी थोरल्या पातीची जाई. मग थोरल्या पातीच्या माणसाने मागे वळून दुसऱ्याचं नाव पुकारायचं, तेव्हा दुसरी जोडी हलायची. वामनराव हे नाव पुकारायला वेळ लावत. आधी पागोटं नीट करत. मग खाकरत. मग बैलाच्या झुलीवरची नसलेली धूळ झटकत. तेवढा वेळ नत्थुजी सगळ्या गावापुढे कासरा धरून उभा, आणि त्याची बायको आशाबाई ओवाळणीचं ताट घेऊन दारात ताटकळलेली, कारण वाजंत्री पहिल्या मानाच्या घरी आधी जात. कापसाने नत्थुजीला कौलारू माडी दिली, आशाबाईच्या गळ्यात सोन्याची पोत घातली. तरी पोळ्याला तो दुसराच.

"मी नांगर उठवतो," नत्थुजी म्हणाला. "वामनदादा जावो कमिटीत. मले खुर्ची नोको. पोळ्याचा पहिला मान माह्या पातीले द्या. कायमचा."

सभेने माना वळवून वामनरावांकडे पाहिलं. भगवंतरावांनी हसू लपवलं. तोरणाचा मान कोणी सोडत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

वामनरावांचा चेहरा लाल झाला. "खुर्चीचं काय लोणचं घालू?" ते म्हणाले. "तिले इनाम नाई, हक्क नाई. मी मेलो तं पोराले मिळत नाई, साहेब दुसऱ्याले बसवीन. अन् त्याच्यासाठी तोरण देऊ? गेली थे खुर्ची खड्ड्यात." ते तावातावाने उठायला गेले आणि कापसात आणखी खाली गेले.

राग खरा होता, पण राग स्वतःसाठी नव्हता. तोरणाचा मान खरं तर त्यांचा नव्हताच. तो त्यांच्या थोरल्या भावाचा, दौलतरावांचा. भाऊ अकाली गेला तेव्हा त्याचा मुलगा सूर्यभान पाळण्यात होता, म्हणून कासरा वामनरावांनी हातात घेतला. तो पोर आता मिसरूड फुटलेला जवान झाला होता. येत्या पोळ्याला कासरा त्याच्या हातात द्यायचा, हे वामनरावांनी मनाशी पक्कं केलं होतं. भावाची ठेव परत करायची वेळ आली आणि हा नत्थ्या तीच मागतो.

"भाऊजी, बसा जरा," ढिगाच्या पलीकडून आवाज आला.

ढिगामागे बाया रेच्यावर सरकी काढत होत्या आणि त्यांच्यात पार्वताबाई बसल्या होत्या, दौलतरावांच्या विधवा, सूर्यभानची आई. त्या तिथे आहेत हे सभा विसरूनच गेली होती. त्या उठल्या, पदर डोक्यावर ओढून ढिगाच्या कडेला आल्या आणि कापूस झटकत उभ्या राहिल्या.

"नत्थूभाऊजी, फक्त तोरणच पायजे ना? का उद्या आणखी काई काढसान?"

"तोरणच, वैनी."

"मंग घ्या."

"वैनी," वामनराव ओरडले, "मान सूर्यभानचा हाय."

"त्याची माय मी हावो. दौलतराव गेले तवा कासरा तुमच्या हाती मीच देल्ला होता. तवा कोणी मले विचारलं नव्हतं का मी कोण." त्या भगवंतरावांकडे वळल्या. "तोरण वर्षातून एक दिवस. नाला चार महिने. आखाडात माह्या गावचा कापूस वखारीत पिवळा पडते, अन् मंगरूळच्या गाड्या बडनेऱ्याले जातीन. असा हिसाब तुमी लावला ना, भगवंतराव? चांगला लावला. पण बाईमाणूस ढिगामांगं असते, थे पाहाचं राह्यलं."

बद्रुद्दीन मोठ्याने हसला. "भाभी, तुमाले कमिटीत पाठवाले पायजे."

"मले खुर्चीवर बसता येत नाई, पाय लोंबतात. भाऊजीले धाडा. त्यायले अडून बसता येते. थेच कामाचं हाय."

नत्थुजी मात्र अडखळला. तो भांडायच्या तयारीने आला होता, आणि मागितलेलं लगेच मिळालं की माणसाला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. त्याने वैनींच्या तोंडाकडे दोनदा पाहिलं. त्यात कुठे कुचकेपणा दिसला नाही. मग त्याने बोरू घेतला आणि नांगर काढला, जरा मोठाच काढला. त्याच्या शेजारी वामनरावांनी आपला काढला. त्यांनी रागाने बोरू दाबला, त्यामुळे फाळ वाकडा आला. भगवंतरावांना वर ओढायला तिघे लागले.

सूर्यभानला हे गोठ्यात कळलं. त्याने पोळ्यासाठी एक जोडी वाढवली होती, पांढरी, शिंगं सारखी, दोन्ही खोंड त्याच्या हातून दूध पिऊन मोठे झालेले. तो त्यांच्या पाठीवरून खरारा फिरवत होता, आणि आई दारात आली तरी त्याने हात थांबवला नाही.

"मले इचारलं काहून नाई, माय?"

"इचारलं असतं तं तू नाई म्हटलं असतं."

"नाईच म्हटलं असतं. काका कमिटीत बसतीन, नत्थूकाका तोरणाखालून जातीन. मी काय पाहू? पोरं हसून राहिले. म्हणे तुह्या मायनं तुले इकलं."

पार्वताबाई गव्हाणीच्या कडेवर बसल्या. हे बोलणं त्यांना कठीण जाणार होतं, आणि ते त्यांनी सभेत मुद्दाम टाळलं होतं. तिथे कापसाचा हिशेब चालतो, दुसरं काही चालत नाही.

"तुही बहीण शकुन गेली तवा तू नांदगावले होता," त्या म्हणाल्या. "वैदाले घेऊन तूच निघाला होता. नाल्याच्या त्या काठावर तू, ह्या काठावर मी. मधात पाणी. तुले आठवते का, तू काय ओरडून राहिला होता?"

सूर्यभानचा हात थांबला.

"मले आयकूच नाई आलं," पार्वताबाई म्हणाल्या. "एवढा पाण्याचा आवाज. घरात माही लेक बाळंतपणात अडली, अन् वैद हाकेच्या अंतरावर उभा, अन् मले तुही हाकसुदा आयकू येत नाई. पाणी उतरलं तवा तू आला. तवा तिले न्यायची तयारी झाली होती." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "मी तुहा मान देल्ला, सूर्यभान. मले त्याचं दुखते. तू पहिल्यानं निघशीन अन् मी दारातून पाहीन, हे मी तुह्या बापाच्या मांगं रोज मनात पाह्यलं. पण मले त्या नाल्यावर मोरी पायजे. तोरण देऊन मिळते तं तोरण देऊन, अन् आणखी काई देऊन मिळत असती तं थेही देल्लं असतं."

सूर्यभान पुन्हा बैलाकडे वळला. त्याने त्याच बैलाच्या त्याच जागी खरारा फिरवला. मग म्हणाला, "नत्थूकाकाले हे कारण माहीत हाय?"

"त्याले कायले सांगू? त्याले वाटलं असतं मी भीक मांगून राहिली. सौदा केला, सौद्यासारखा केला."

वामनराव अमरावतीला कमिटीत गेले आणि वैनी म्हणाल्या तसे अडून बसले. तिथली खुर्ची त्यांना आधी टोचली. गोतसभेत जो पहिला बसतो तो शेवटी बोलतो. इथे साहेब मधोमध बसून आधीच बोलून मोकळा होई. सावकार दोघे माना डोलवत. इंजिनेराने नकाशावर मंगरूळची लाइन दाखवली, सोपी, सपाट, एकही नाला नाही. वामनराव म्हणाले, नाला नाही तिथे गाड्या आजही जातात, तिथे सडक कशाला? जिथे जात नाहीत तिथे करा. साहेबाने दुभाष्याकडून हे पुन्हा विचारून घेतलं. मग तो उन्हात घोड्यावर बसून नाला पाहायला आला. पार्वताबाईंनी त्याला ताक पाठवलं आणि पूर आला की पाणी कुठवर चढतं, त्या खुणेशी गडी उभा केला. सडक खेर्डीवरून ठरली आणि चैतात नाल्यावर दगड पडले. बद्रुद्दीनच्या गाड्यांनी चुना वाहिला, नत्थुजीच्या गाड्यांनीही वाहिला, कारण गावाचं काम म्हटल्यावर तो मागे राहणारा नव्हता. मृगाच्या आधी मोरीच्या तिन्ही कमानी उभ्या राहिल्या.

ह्या सगळ्यात वामनराव एकदाच पार्वताबाईंजवळ तोरणाचं बोलले. "दौलतदादाले काय सांगू मी, वैनी?"

"सांगा, मोरी केली," त्या म्हणाल्या.

श्रावणाची अवस आली. खेर्डीच्या पोळ्याला त्या साली बाकी सहाही गावांची माणसं आली, भर पाण्याच्या दिवसांत, आपापला पोळा लवकर उरकून, पायी. असं कधी झालं नव्हतं. आखरावर पाय ठेवायला जागा नव्हती. झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणून म्हणून पोरांचे आवाज बसले.

नत्थुजी जरीचं पागोटं बांधून पहिल्या जागी उभा होता. त्याची तांबडी जोडी तोरणाखालून गेली. त्याला वाटलं होतं, आता छाती फुगेल. फुगली. मग वळून दुसऱ्याचं नाव पुकारायची वेळ आली. मागे सूर्यभान पांढऱ्या जोडीचा कासरा धरून उभा, त्याच्या बाजूला वामनराव. गाव टक लावून पाहत होतं. आता नत्थुजी पागोटं नीट करणार, खाकरणार, झूल झटकणार. हे सगळं त्याने मनात कितीदा तरी करून ठेवलं होतं.

"सूर्यभान दौलतराव," त्याने लगेच पुकारलं. हात पागोट्याकडे गेलाच नाही. पोराच्या तोंडाकडे पाहिल्यावर त्याला ते जमलं नाही, एवढंच.

सगळ्या जोड्या गेल्यावर रिवाजाप्रमाणे तोरण तुटलं, आणि त्यानंतर जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. परगावची माणसं मोरी पाहायला आली होती. कोणीतरी म्हणालं, पूर आला, कमानीतून पाणी चाललं पाहा. तेवढ्यावर सगळी गर्दी नाल्याकडे लोटली. डफडीवाले गर्दीबरोबर, सनईवाला डफडीवाल्यांबरोबर. मोरीवर माणसांची दाटी झाली. खाली तोच गढूळ नाला गरजत होता आणि त्याच्यावर लोक पायात जोडे घालून उभे होते. वामनरावांना कोणीतरी खांद्यावर घेतलं. भगवंतराव मंगरूळवरून ह्याच मोरीने आले होते आणि आता खाली पाणी पाहत होते.

गावात नत्थुजी आपल्या दारापुढे तांबडी जोडी घेऊन उभा राहिला. वाजंत्री नाही, माणूस नाही. आशाबाई ताट घेऊन उंबऱ्यात आली. नवी हिरवी चोळी, ताटात पुरणाची पोळी, कुंकू, दिवा. तिने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. नाल्याकडून डफडीचा आवाज येत होता.

"येतीन," नत्थुजी म्हणाला.

"हो, येतीन," आशाबाई म्हणाली. वाऱ्याने दिवा गेला, तो तिने पुन्हा लावला. मग पुन्हा गेला. सौद्यात आपण काय घेतलं आणि वैनींनी काय घेतलं, ते नत्थुजीला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि त्याला रडू येईल असं वाटून तो बैलाची शिंगं पुसू लागला.

डफडीचा आवाज जवळ आला तेव्हा त्याने वर पाहिलं नाही. गल्ली भरली तेव्हा पाहिलं. पुढे सूर्यभान होता, अंगातून घाम निथळत, डफडीवाल्याच्या दंडाला धरून त्याला जवळजवळ ओढत आणलेला. मागे सनई, बाकी सहा गावांचे पाटील, त्यांत भगवंतरावही, खांद्यावरून उतरून चालत आलेले वामनराव, बद्रुद्दीन, आणि सगळी गर्दी. सगळ्यांच्या मागे, बायांच्या घोळक्यात, पार्वताबाई.

"काहून आणलं रे यायले?" नत्थुजी म्हणाला. "राहू द्याचे असते तिथंच. मोरी तुमची."

"मोरी गावाची हाय, काका," सूर्यभान म्हणाला. "मान तुमचा. आमी देल्ला तं अर्धा नाई देल्ला."

आणि त्याने डफडीवाल्याला वाजव म्हणून खूण केली. नत्थुजीने एकदा गर्दीच्या मागे, वैनी उभ्या होत्या तिकडे पाहिलं, आणि मग मान खाली घालून बैलांना ओवाळणीसाठी पुढे घेतलं. आशाबाईने त्यांच्या पायांवर पाणी घातलं, आणि ह्या वेळी दिवा विझू नये म्हणून वामनराव पागोट्याचा शेमला धरून वाऱ्याच्या बाजूला उभे राहिले.